मुन्शींची सराई

‘कारगिल हे नाव ऐकले की तुम्हांला काय आठवते?’ असा प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर आले, ‘युद्ध!’ १९९९ साली तेथे मोठी लढाई झाली, हे सर्वांना ठाऊक होते. त्यापलीकडे मात्र कोणालाच काही सांगता आले नाही. मी मुलांना दोष दिला नाही. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो नसतो, तर मीही तेवढेच उत्तर दिले असते.

त्या सुट्टीत मी आणि माझा एक मित्र लडाखला गेलो. हा मित्र बी.एड.ला माझ्या वर्गात होता. आता तो आमच्या शेजारच्या मराठी शाळेत भूगोल शिकवतो. मनमाडहून आगगाडीने जम्मू, तेथून मोटारीने श्रीनगर आणि श्रीनगरहून कारगिल असा आमचा प्रवास होता. श्रीनगर ते कारगिल हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पण त्यासाठी आम्हांला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. सोनमर्ग सोडल्यावर झोजी ला नावाचा घाट लागतो. तिकडच्या भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. हा घाट समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद ठेवावा लागतो. जून महिना लागला होता, तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि समोरून येणारे ट्रक! माझा मित्र मला ढगांविषयी काहीतरी समजावून सांगत होता. पण माझे सगळे लक्ष मोटारीच्या चाकांकडे होते.

घाट ओलांडला आणि सारे दृश्यच बदलले. मागे देवदारांचे हिरवे रान होते. पुढे उघडेबोडके, मातकट डोंगर. पावसाचे ढग या उंच पर्वतांपलीकडे फारसे येऊच शकत नाहीत. म्हणून लडाखमध्ये पाऊस अगदी थोडा पडतो. शेती होते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. द्रास गाव मागे टाकून आम्ही नदीच्या काठाकाठाने खाली उतरत गेलो. संध्याकाळी एका वळणावर अचानक पॉप्लरची उंच झाडे, जर्दाळूच्या बागा आणि सातूची हिरवी शेते दिसू लागली. खालून सुरू नदी जोराने धावत होती. तिच्या काठी डोंगराच्या उतारावर कारगिल शहर वसलेले आहे.

बाजारात पाऊल ठेवताच मला एक सुखद धक्का बसला. दुकानांवरच्या कितीतरी पाट्या उर्दूत होत्या! येथील लोक घरी बहुधा पुरगी भाषा बोलतात. पण शाळेत उर्दू शिकतात. घरापासून दोन हजार किलोमीटर दूर आल्यावर एखाद्या चहावाल्याच्या पाटीवर आपली लिपी भेटावी, यात काय आनंद असतो, तो अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच चहावाल्याला विचारले, ‘येथे बघण्यासारखे काय आहे?’ त्याने हात वर करून डोंगराच्या उताराकडे दाखवले. ‘त्या गल्लीने वर चढून जा. मुन्शींचे संग्रहालय आहे. ते बघितल्याशिवाय जाऊ नका.’

गल्ली अरुंद आणि चढाची होती. कारगिल सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्यामुळे थोडे चढले तरी धाप लागते. थांबत थांबत आम्ही वर पोचलो. मुंबईच्या संग्रहालयासारखी घुमटाची भव्य इमारत नव्हती. एका साध्या घराच्या काही खोल्या होत्या. दारावर नाव होते, ‘मुन्शी अजीज भट संग्रहालय’.

मित्र हळूच म्हणाला, ‘लहानच दिसते. अर्ध्या तासात आटपेल.’

आम्ही बाहेर आलो तेव्हा तीन तास झाले होते.

आत गेल्यावर एका गृहस्थांनी आमचे स्वागत केले. ते स्वतः हिंडून एकेक वस्तू दाखवू लागले. कपाटांत आणि भिंतींवर नाना तऱ्हेच्या वस्तू मांडल्या होत्या. घोड्यांची खोगिरे होती, लगाम होते, झिजलेले लोखंडी नाल होते. मध्य आशियातले गालिचे होते. फिरोजाचे निळे खडे होते. चहासाठी वापरायचा समोवार होता. जुनी कुलपे, नाणी, टोप्या, जोडे, अंगरखे होते. त्यांच्या शेजारीच युरोपातून आलेली बटणे आणि जर्मनीत तयार झालेले कापडाचे रंगही होते.

‘एवढ्या दूरच्या वस्तू या दरीत कशा आल्या?’ मी विचारले.

‘चालत आल्या,’ ते गृहस्थ हसून म्हणाले. ‘घोड्यांच्या, खेचरांच्या आणि उंटांच्या पाठीवर बसून आल्या.’

मग त्यांनी आम्हांला या संग्रहालयाची कहाणी सांगितली.

मुन्शी अजीज भट यांचा जन्म १८६६ साली झाला. त्या काळी जम्मू-काश्मीरवर महाराजांचे राज्य होते. लिहितावाचता येणारी माणसे या भागात फार थोडी होती. मुन्शी लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत असत. कोणाचे शेतजमिनीचे भांडण, कोणाची कराची तक्रार, हे सारे ते कागदावर नीट उतरवीत. त्यामुळेच ‘मुन्शी’ हे नाव त्यांना चिकटले. पुढे ते व्यापारात पडले आणि १९२० साली त्यांनी कारगिलमध्ये नदीजवळ एक मोठी सराई बांधली. सराई म्हणजे प्रवाशांना मुक्काम करण्यासाठी बांधलेली जागा. इमारत तीन मजली होती. जनावरे आणि मालाची गाठोडी खाली राहत. दमलेले व्यापारी वरच्या खोल्यांत विश्रांती घेत.

सराई कारगिललाच का बांधली, हे समजण्यासाठी नकाशा पाहायला हवा. तेथे माझा मित्र खूश झाला. भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहून त्याने मला जवळजवळ एक तासच घेतला! श्रीनगरहून लेहला घोड्यांबरोबर जायला तेव्हा सुमारे पंधरा दिवस लागत. कारगिल हे या वाटेच्या साधारण मध्यावर आहे. उत्तरेकडची वाट स्कर्दूला जाते. दक्षिणेकडची वाट सुरू नदीच्या काठाने झांस्करला जाते. म्हणजे चार वाटा येथे मिळत. आठ दिवस चालून जनावरे थकलेली असत. त्यांना चारा हवा, पाणी हवे, नाल बदलायला हवेत. माणसांना गरम जेवण आणि बातम्या हव्यात. पुढच्या घाटावर बर्फ आहे की वाट मोकळी आहे, यारकंदहून कोण आले, लोकरीचा भाव काय आहे, हे सगळे सराईतच कळे.

लेहच्या पुढची वाट तर याहून कठीण होती. काराकोरम पर्वत ओलांडून ती यारकंद आणि काशगर या शहरांकडे जाई. ही शहरे आज चीनच्या शिनजियांग प्रांतात आहेत. काराकोरम खिंड साडेपाच हजार मीटरहून उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. एकावर एक अशी तीन कळसूबाई रचली, तरी ती या खिंडीपेक्षा ठेंगणीच राहतील! अशा वाटेने माणसे महिनाभराहून अधिक काळ चालत. हिंदुस्थानातून सुती कापड, मसाले, नीळ, साखर असा माल तिकडे जाई. तिकडून रेशीम, गालिचे, नमदे असा माल इकडे येई. तिबेटाकडून काश्मीरच्या शालींसाठी लागणारी मऊ लोकर येई. दोन मदारींचे उंटही या वाटेने येत. त्यांचे वंशज आजही लडाखच्या नुब्रा खोऱ्यात पाहायला मिळतात.

‘मग हे सारे थांबले कसे?’ मी विचारले.

‘वाटाच बंद झाल्या,’ ते गृहस्थ म्हणाले.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. काश्मीरमध्ये लढाई पेटली. १ जानेवारी १९४९ रोजी ती थांबली. पण मध्ये युद्धबंदी रेषा आली आणि कारगिलहून स्कर्दूकडे जाणारी वाट तुटली. त्याच सुमारास शिनजियांगमध्येही राजवट बदलली आणि काराकोरमपलीकडचा व्यापार बंद पडला. मुन्शी अजीज भट १९४८ साली वारले. सराईच्या अंगणात जनावरे यायची थांबली. विकला न गेलेला माल, हिशेबाच्या वह्या, पत्रे, सारे खोल्यांत तसेच राहिले. दाराला कुलूप लागले. मुले मोठी झाली, नातवंडे मोठी झाली. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या वस्तू अंधारात धूळ खात पडून होत्या.

२००२ साली जुनी इमारत पाडण्याचा विचार घरात सुरू झाला. खोल्या उघडल्या, तेव्हा आत काय काय आहे ते लक्षात आले. अमेरिकेतील अभ्यासकांनी या वस्तू आणि कागदपत्रे पाहिली. त्यांचे मोल किती मोठे आहे, हे त्यांनी घरच्या लोकांना पटवून दिले. कुटुंबाने सारे जपायचे ठरवले. २००४ साली आपल्याच घरात त्यांनी हे संग्रहालय उभे केले. या कागदपत्रांच्या आधारे लडाखच्या व्यापाराविषयी पुढे अभ्यासपूर्ण लेखनही झाले.

‘थोडक्यात वाचले म्हणायचे!’ माझा मित्र म्हणाला.

‘हो,’ गृहस्थ म्हणाले, ‘जुने सामान आणि भंगार यांत पाहणाऱ्याला फार फरक दिसत नाही.’

ते सहज बोलले. पण माझ्या मनात कुठेतरी ते वाक्य रुतून बसले. त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

पुढच्या खोलीत कागदपत्रे होती. काचेखाली एक हिशेबाची वही उघडून ठेवली होती. कागद पिवळा पडला होता. शाई मात्र अजून काळीभोर होती. मी वाकून पाहू लागलो, तेव्हा गृहस्थांनी विचारले, ‘आपल्याला उर्दू येते का?’

‘मी उर्दू शाळेत शिकवतो,’ मी जरा ऐटीत म्हणालो.

‘मग वाचा ना, मास्टरसाहेब! येणारे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. वाचणारा क्वचितच भेटतो.’

मी वाचू लागलो आणि माझी ऐट उतरली. अक्षर शिकस्ता वळणाचे होते. घाईने लिहिताना अक्षरे एकमेकांत गुंतवून टाकायची, नुक्ते गाळायचे, असे हे वळण असते. आपल्या पाठ्यपुस्तकातील सुबक नस्तालीक वाचायची सवय झालेल्या माझ्यासारख्याला ते कसे जमणार? पहिलीच ओळ लावायला मला पाच मिनिटे लागली. वर्गात एखादा मुलगा मराठीची ओळ अडखळत वाचतो, तेव्हा कधीकधी मी उतावीळ होतो. त्या दिवशी त्या मुलाच्या जागी मी उभा होतो आणि ते गृहस्थ मात्र शांतपणे वाट पाहत होते.

हळूहळू शब्द उलगडू लागले. तारीख. जमा. खर्च. बाकी. मी मोठ्याने वाचत होतो आणि माझा मित्र कान देऊन ऐकत होता. तो एकदम म्हणाला, ‘अरे, हे तर सगळे मराठी शब्द आहेत!’

‘मराठी कसले? उर्दू आहेत,’ मी म्हणालो.

‘आमच्या शाळेचा कारकून रोज हेच लिहितो. तारीख, जमा, खर्च, बाकी!’

आम्ही दोघेही हसलो. हे शब्द अरबी-फारसीतून कधीतरी निघाले, उर्दूत आले, मराठीतही आले आणि दोन्हीकडे कायमचे राहिले. अर्ज, हिशेब, बाजार, दुकान, कागद, वकील, जिल्हा, तालुका, असे किती शब्द सांगू? मुलांनो, मराठी अवघड वाटते असे तुम्ही मला नेहमी सांगता. पण या भाषेतले कितीतरी शब्द तुम्ही आधीपासूनच आपल्या घरात वापरत असता. गालिचे आणि रंग जसे सराईत उतरून पुढे गेले, तसे शब्दही पुढे गेले. त्यांना मात्र कोणतीही वाट कधी बंद झाली नाही.

आता मी मघाशी सांगायचे राहिले होते, ते सांगतो.

काचेखालची ती वही पाहताना मला आमच्या घरातली एक पत्र्याची पेटी आठवली. आम्ही मालेगावचे. आमचे आजोबा विणकर होते. घरात आम्ही त्यांना ‘दादा’ म्हणत असू. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे वडिलांचे वडील. दादा हातमागावर रंगीत लुगडी विणायचे. ती लुगडी खेड्यापाड्यांतल्या मराठी बायका नेसत. रंगांविषयी बोलायला लागले की दादांना वेळेचे भान राहत नसे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे रंग बाजारातून दिसेनासे झाले आणि विणकरांचे कसे हाल झाले, हे ते आम्हांला सांगत. आम्ही मुले ऐकल्यासारखे करीत असू. कारगिलच्या त्या कपाटात जर्मन रंग दिसले, तेव्हा मला प्रथम दादांचा आवाज आठवला.

पुढे यंत्रमाग आले. दादांचा हातमाग मोडला. त्यांची नजर मंद झाली. पण रोज संध्याकाळी एका लांबट वहीत काहीतरी लिहायची त्यांची सवय गेली नाही. अशा पाच-सहा वह्या त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. ते वारल्यावर काही वर्षांनी आम्ही घर दुरुस्त करायला काढले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. जागा कमी आणि सामान फार, म्हणून मी एक दिवस रद्दीवाल्याला बोलावले. जुनी वर्तमानपत्रे, माझ्या बी.एड.च्या नोट्स आणि दादांच्या वह्या एकाच तराजूत गेल्या. वह्यांना वाळवी लागायला सुरुवात झाली होती. अक्षरही माझ्याच्याने लागत नव्हते. ‘याचा काय उपयोग?’ असे मीच म्हणालो होतो. रद्दीवाल्याने किती पैसे दिले, तेही आता आठवत नाही. शिक्षक झालेल्या माणसाने ही गोष्ट केली, हे तुम्हांला सांगताना मला लाज वाटते. तरीही सांगतो.

कारगिलहून परत आलो, त्या रात्री अम्मीला मी सराईची सगळी हकिकत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘दादांच्या पहिल्या वहीत पहिल्याच पानावर आपल्या गावाचे नाव लिहिलेले होते.’

‘कोणत्या गावाचे?’

‘तुझ्या दादांचे आजोबा उत्तरेकडून आले ना, त्या गावाचे. त्यांच्याबरोबर कोण कोण आले, त्यांचीही नावे होती. एकदा दादांनी मला वाचून दाखवले होते.’

‘काय नाव होते गावाचे?’

अम्मीने बराच वेळ आठवून पाहिले. ‘नाही रे आठवत. वहीत आहे म्हणून मी लक्षात ठेवले नाही.’

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील कितीतरी विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि मालेगावात येऊन वसली, हे इतिहासात लिहिलेले आहे. त्यांत आमचे घर कोणते, ते कोणत्या गावाहून निघाले, वाटेत कोणत्या सराईत उतरले, हे मात्र इतिहासात लिहिलेले नाही. ते फक्त त्या वहीत होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मी विचारून पाहिले. कोणी एका गावाचे नाव घेतले, कोणी दुसऱ्या. खात्रीने सांगणारा कोणी उरला नाही.

अम्मी उठून आत गेली आणि मसाल्याच्या फळीवरून एक वस्तू घेऊन आली. तो दादांचा धोटा होता. मागावर आडवा धागा टाकण्यासाठी विणकर होडीच्या आकाराचे जे लाकडी साधन इकडून तिकडे फेकतो, त्याला धोटा म्हणतात. अम्मी इतकी वर्षे त्याच्या पोकळ भागात सुया आणि बटणे ठेवत होती, म्हणूनच तो माझ्या तावडीतून वाचला होता. हाताच्या घर्षणाने त्याचे लाकूड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. आता तो माझ्या टेबलावर असतो. त्यात मी बटणे ठेवत नाही. त्याखाली एक कागद ठेवला आहे. त्यावर दादांचे नाव, त्यांचे काम आणि अम्मीला जेवढे आठवले तेवढे तिच्याकडून विचारून लिहिले आहे.

शाळा सुरू झाल्यावर मी आमच्या वर्गातल्या एका रिकाम्या कपाटाचा एक खण मोकळा केला. मुलांना सांगितले, ‘घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर मोठ्यांना विचारून एक दिवसासाठी आणा. वस्तू कोणाची, कधीची, कशासाठी वापरत, हे एका कागदावर मराठीत दहा ओळींत लिहा. संध्याकाळी वस्तू परत घेऊन जा. कागद मात्र येथे राहील.’

पहिल्या आठवड्यात फक्त एकच वस्तू आली. एका मुलाने आपल्या नानीचा अडकित्ता आणला होता. बाकीची मुले त्याला हसली. दुसऱ्या आठवड्यात एकीने भिवंडीहून आलेले पन्नास वर्षांपूर्वीचे पोस्टकार्ड आणले. एकाने आजोबांचा कंदील आणला, एकाने चांदीची अत्तरदाणी. एका मुलाकडे आणण्यासारखे काहीच नव्हते. तो नुसता कागद घेऊन आला. पणजोबांनी विहीर कशी खोदली, हे त्याने आजीला विचारून लिहिले होते. दहा ओळींची मर्यादा मोडून त्याने दोन पाने भरली होती. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्या लाल शाईने खुणावल्या नाहीत. शेजारी बसवून त्याला एकेक दाखवल्या, म्हणजे मूळ कागद तसाच राहिला.

आज त्या खणात एकशे बारा कागद आहेत. संग्रहालय म्हणावे एवढे ते मोठे नाही. माझा मित्र मधूनमधून येतो आणि नवे कागद वाचतो. त्याच्या मराठी शाळेतही त्याने असाच एक खण सुरू केला आहे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरातली सर्वांत जुनी वही किंवा सर्वांत जुने पत्र कोठे आहे, ते विचारा. सापडले तर वाचण्याचा प्रयत्न करा. अक्षर लागले नाही, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. आणि रद्दीवाल्याची हाक गल्लीत ऐकू आली, तर पेटी उचलण्यापूर्वी तिचे झाकण एकदा उघडून पाहा.